कृष्णकमळाला आडोसा

फाल्गुनात मराठवाड्यातल्या कुठल्याही बांधावर उभं राहा. पळसाने पानं टाकून दिलेली असतात आणि उघड्या फांद्यांवर तो फुललेला असतो. पांगारा तसाच, सावर तशीच. पाणी आटत चाललं की पानांचा खर्च बंद करायचा आणि मृगापर्यंत तग धरायचा, हा इथल्या झाडांचा जुना हिशेब. सदाहरित वेलाला हा हिशेब येत नाही. भर वैशाखात त्याची पानं अंगावर असतात आणि एकेक पान दिवसभर पाणी हवेत सोडत असतं. म्हणून लातूर, बीड किंवा परभणीच्या अंगणात कृष्णकमळ लावायचं ठरलं, तर ‘पाणी किती घालू?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, वारा कुठून येतो?

नावावरून हे फूल थेट द्वारकेहून आलं असावं असं वाटतं. पण कमळाशी त्याचं काही नातं नाही, आणि माहेर अमेरिका खंडात. तिकडे गेलेल्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांना या फुलात येशूच्या यातनांच्या खुणा दिसल्या: तंतूंचं कडं म्हणजे काटेरी मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरचे तीन फाटे म्हणजे तीन खिळे. आपल्याकडे आल्यावर त्याच कड्याचे शंभर कौरव झाले, पाच पुंकेसरांचे पांडव, मधल्या हिरव्या गोळीची द्रौपदी आणि वरच्या तिघांचे ब्रह्मा-विष्णू-महेश. फूल एकच, बघणाऱ्यांनी आपापली पोथी त्यात वाचली. मात्र तंतू खरंच मोजायला बसलात तर शंभर भरतीलच असं नाही. कौरवांची संख्या फुलागणिक बदलते.

रोपवाटिकेत ‘कृष्णकमळ’ म्हणून जे हातात ठेवतात, त्यात तीन-चार वेगळे वेल मिसळलेले असतात. पान पंजासारखं पाच भागांत चिरलेलं, पाकळ्या पांढुरक्या आणि कडं निळं असेल तर तो पॅसिफ्लोरा सेरुलिया. पान तीन भागांचं, फूल जांभळट, तंतू कुरळे आणि वास गोडसर असेल तर बहुधा पॅसिफ्लोरा इनकार्नाटा किंवा त्याचा संकर. मराठवाड्याच्या हवेत हे दोन टिकतात. लाल फुलांचे बहुतेक प्रकार दमट हवेतले आहेत. कोकणात ते छान दिसतात, इथे एप्रिलमध्ये त्यांच्या कडा जळतात. बाजारात ज्याचं फळ पॅशनफ्रूट म्हणून मिळतं तो वेल आणखी वेगळा. उष्णतेत तो फळ धरत नाही, त्याचा नाद इथे न केलेला बरा.

आपल्याकडच्या रोपवाटिकांमध्ये राजमुंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येणारी रोपं बरीच असतात. ती शेडनेटखाली, दमट हवेत वाढलेली असतात. आणल्या दिवशीच उन्हात लावली की आठवड्यात पानं कागदासारखी होतात आणि दोष मातीला जातो. पहिले तीन-चार दिवस ओसरीच्या कडेला, मग रोज तासभर सकाळचं ऊन, असं करत दहा-बारा दिवसांनी रोप खाली उतरवावं. घेताना उंची पाहू नये. दीड-दोन फुटांचं, बुंध्याशी पेन्सिलीएवढं जाड आणि पिशवीच्या तळातून मुळं बाहेर न आलेलं रोप सहा फुटी लवलवीत वेलापेक्षा लवकर धरतं.

आता आडोशाकडे वळू. आडोसा म्हटला की हल्ली हिरवी शेडनेट आठवते आणि तिथेच गडबड होते. कृष्णकमळाला रोज पाच-सहा तास सरळ ऊन लागतं. जाळीखाली तो भरघोस वाढतो, पानांनी गच्च होतो, पण कळी धरत नाही. पाच-पाच वर्षं फूल न आलेले वेल बघावेत, तर बहुतेक आंब्याखाली नाहीतर पत्र्याच्या शेडच्या कडेला असतात. ऊन त्याला चालतं. चालत नाही तो चैत्र-वैशाखात दुपारी अकरापासून पाचपर्यंत पश्चिम-वायव्येकडून येणारा कोरडा, भाजणारा वारा. पारा बेचाळीसच्या वर आणि हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर असते, तेव्हा पानाभोवती साचलेला ओलावा वारा सतत पुसून नेतो. मूळ पाणी ओढतं त्यापेक्षा पान वेगाने गमावतं. अशा वेळी बुडाशी कितीही पाणी ओता, पानाची कड करपणारच.

वारा अडवायचा म्हणून पश्चिमेला सहा-सात फुटांची विटांची भिंत घातली की काम झालं, असंही नाही. सलग भिंतीला धडकलेला वारा वरून उडी मारतो आणि पलीकडे गरगरत खाली उतरतो; भिंतीमागे काही फुटांवर लावलेलं रोप नेमकं त्या घुसळणीत सापडतं. त्यापेक्षा अर्धा वारा गाळून सोडणारा आडोसा चांगला, आणि मराठवाड्यात त्याला पैसाही लागत नाही. तुरी निघाल्या की तुराट्यांचा ढीग असतो. दोन बांबू रोवून त्यांना तीन आडव्या काठ्या बांधायच्या आणि तुराट्या उभ्या विणत पाच फुटांचा कूड करायचा. विण इतकीच घट्ट, की पलीकडे माणूस हलतोय हे कळावं पण तो कोण हे ओळखू येऊ नये. साधारण अर्धी जागा मोकळी राहते. असा कूड आपल्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर मोडतो, म्हणजे पाच फुटांच्या कुडामागे चाळीस फुटांचं परस निवांत होतं. तुराट्यांना उधई लागते, त्यामुळे दोन उन्हाळ्यांनी कूड नवा करावा लागतो. जुना कूड चुलीला जातो, तेव्हा वायाही काही जात नाही.

यात नवीन काहीच नाही. नागवेलीचा पानमळा लावणाऱ्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केलं. तीही बारमाही हिरवी वेल, वारा तिचाही शत्रू. पानमळ्याभोवती आणि आतून शेवरी, हादगा, पांगारा दाट लावायचा, ऊन गाळून घ्यायचं आणि वारा बाहेर ठेवायचा, ही त्यांची रीत. अंगणात एवढी जागा नसते, पण पश्चिमेच्या कडेला शेवरीची एक ओळ मृगात पेरली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती डोक्याच्या वर जाते. जुन्या वाड्यांत तर चौक हाच आडोसा. चार बाजूंनी माळवदाच्या खोल्यांची रांग, मधे उघडं आभाळ. वारा वरून निघून जातो आणि ऊन खाली पोचतं. चौकातला वेल गच्चीवरच्या वेलापेक्षा अर्ध्या पाण्यात हिरवा राहतो. गच्चीवरच्या कठड्याला चढवलेलं कृष्णकमळ हे मराठवाड्यात हौस म्हणून ठीक, पण मे महिन्यात त्याच्याकडे बघवत नाही.

भिंत कोणती निवडायची याला नेमकं उत्तर आहे. तोंड पूर्वेकडे असलेली भिंत सगळ्यांत चांगली: सकाळी सहापासून बारापर्यंत ऊन, नंतर भिंतीची स्वतःची सावली. दुसरी पसंती दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला. हे ऐकून भुवया उंचावतात, पण मराठवाडा साधारण साडेसतरा ते साडेवीस अक्षांशांत येतो. मेच्या मध्याला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि पुढचे दोन महिने थोडा उत्तरेकडेच कललेला, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फार पडतच नाही. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, थंडीत मात्र तीच भिंत दिवसभर तापते आणि वेलाला ऊब देते. परभणीकडे एखाद्या डिसेंबरात पारा पाच अंशांच्या खाली जातो, तेव्हा ही ऊब कामी येते. पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत सोडून द्यावी. ती रात्री दहापर्यंत तव्यासारखी गरम असते आणि वेलाला विसावा मिळत नाही.

माती हा दुसरा मोठा विषय. आपली काळी माती ताकदीची, पण तिचे दोन स्वभाव या वेलाला जड जातात. पावसाळ्यात ती फुगते आणि चिबडते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि भेगांबरोबर कोवळी मुळं तुटतात. कृष्णकमळाची मुळं उथळ आणि मांसल, साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत सडतात. यावर ‘दोन बाय दोनचा खड्डा घ्या, चांगली माती भरा’ असा सल्ला सर्रास मिळतो. काळ्या जमिनीत तो घातक आहे. भोवतालची चिकण माती पाणी झिरपू देत नाही, आतली भुसभुशीत माती पाणी ओढून घेते, आणि खड्ड्याचा हौद होतो. वेल श्रावणात मरतो आणि आपण म्हणतो, पाऊस मानवला नाही.

खड्ड्याऐवजी गादी करावी. जमीन फक्त वीतभर खोल टिकावाने उकरून सैल करायची आणि तिच्यावर तीन फूट रुंद, एक फूट उंच उंचवटा रचायचा. साधारण दहा घमेली माल लागतो: चार घमेली काळी माती, चार घमेली भरड वाळू किंवा मुरूम, दोन घमेली पुरतं कुजलेलं शेणखत, वर पाव किलो निंबोळी पेंड. शेणखत कुजलेलं आहे का हे वासावरून ओळखावं. शेणाचा वास येत असेल तर अजून चार महिने थांबावं, नाहीतर गादीत हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, जाते. शेणखतात पन्नास ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून आठवडाभर ओल्या पोत्याखाली ठेवलं तर मूळकुजीला चांगला अटकाव होतो.

मुरूम घेताना एक साधी परीक्षा करावी. मूठभर मुरमावर लिंबू पिळावं. फसफसला, बुडबुडे आले, की त्यात चुनखडी आहे. तो परत पाठवावा. बालाघाटाच्या डोंगररांगेच्या बाजूला पांढरे खडे मिसळलेला मुरूम सहज येतो. हीच परीक्षा अंगणातल्या मातीचीही करावी, आणि भिंतीच्या बुडाशी तर नक्कीच. घर बांधताना सांडलेला चुना-सिमेंट, गिलाव्याचे तुकडे, जुन्या वाड्याची पडलेली पांढरी माती हे सगळं तिथेच दबलेलं असतं. म्हणून वेल भिंतीवर चढवायचा असला तरी रोप भिंतीपासून दोन फूट दूर लावावं आणि काठी तिरकी टेकवून त्याला भिंतीकडे न्यावं. कुंडीत लावायचं असेल तर चाळीस लिटरच्या खाली जाऊ नये. सिमेंटची नवी कुंडी दहा दिवस पाणी बदलत भिजत ठेवावी, नाहीतर पहिलं वर्षभर ती मातीत चुना सोडत राहते.

लावणी मृगाच्या पहिल्या सरीला करू नये. मराठवाड्यात पहिल्या पावसानंतर उघडीप पडते, वारा सुटतो आणि नवं रोप त्यात होरपळतं. आर्द्रा लागून जमीन वीतभर ओली झाली की लावावं. रोपाचा मातीचा गोळा गादीच्या वरच्या पातळीला यावा. बुंधा मातीत पुरला की तिथून सडतो. लावल्यावर दहा लिटर पाणी सावकाश सोडायचं आणि तीन बोटं जाडीचं आच्छादन घालायचं: सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, बारीक केलेल्या पऱ्हाट्या, जे हाताशी असेल ते. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवावी.

पाण्याचा हिशेब इथे सगळ्यांना तोंडपाठ असतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखात फुलवेलाला पाणी घालताना हात आखडणारच, आणि आखडावाही. आडोसा नीट असेल तर पहिल्या उन्हाळ्यात एक दिवसाआड आठ ते दहा लिटर पुरतं. दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर. हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा, पावसाळ्यात मोठी उघडीप पडली तरच. याहून बचत करायची तर माठ. बिनरंगाचा, साधा, आठ-दहा लिटरचा माठ बुंध्यापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचा, पाणी भरून वर ताटली झाकायची. माती कोरडी झाली की पाणी आपोआप पाझरतं, ओली असली की थांबतं. दोन-तीन दिवसांनी भरावा लागतो. दोन वर्षांत जड पाण्याच्या क्षारांनी माठाची छिद्रं बुजतात आणि पाणी उतरेनासं होतं. तेव्हा माठ बदलायचा, वेल वाळतोय म्हणून वरून पाणी ओतत बसायचं नाही.

दुपारी दोनला पानं लोंबलेली दिसली म्हणून धावत जाऊन पाणी घालू नये. एवढ्या उन्हात तो माना टाकतोच. सकाळी साडेसहाला पानं ताठ असतील तर तहान नाही. सकाळीही लोंबलेली असतील तर दोन इंच खालची माती चिमटीत घ्यावी. गोळी होत नसेल तर पाणी द्यावं. गोळी होते, माती ओली आहे आणि तरी वेल मलूल आहे, तर मुळं सडताहेत; तिथे पाणी म्हणजे विष.

पाणी कुठलं हेही किती याच्याइतकंच महत्त्वाचं. बोअरचं पाणी इथे बहुतेक ठिकाणी जड, काही ठिकाणी मचूळ. त्यात घरोघरी एक चूक होते: कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालतात. कूलर पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो. आठ दिवस वापरलेल्या टाकीत बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त क्षार असतात. पाणी शुद्ध करणारं यंत्र जे टाकाऊ पाणी बाहेर सोडतं तेही तशाच जातीचं. ते फरशी पुसायला वापरावं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित, वेलासाठी उत्तम. भाज्या धुतलेलं चालतं. आणि पावसाचं तर सोनं. शंभर चौरस फूट छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की नव्वद लिटरच्या आसपास पाणी मिळतं. चांगल्या दोन-तीन सरींत दोनशे लिटरचा ड्रम भरतो. हे पाणी जपून ठेवून महिन्यातून एकदा गादीवर सोडलं की साठलेले क्षार खाली धुतले जातात.

एवढं करूनही पानं पिवळी पडतातच. कोणती पिवळी पडली ते बघावं. बुडाकडची जुनी पानं एकसारखी पिवळी होऊन गळत असतील तर एक तर ते म्हातारपण, नाहीतर नत्राची भूक. सदाहरित म्हणजे पानं गळतच नाहीत असं नव्हे, ती एकदम गळत नाहीत एवढंच. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं जाळीदार चित्र दिसलं तर तो लोहाचा तुटवडा. उसावर पडतो तो केवडा, तोच हा. गंमत अशी, की आपल्या मातीत लोह भरपूर असतं. चुनखडीमुळे मातीचा सामू (पीएच) आठच्या वर गेला की ते मुळाला उचलता येत नाही. म्हणून बुंध्याशी हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग होत नाही. तेही दोन दिवसांत तसंच अडकून बसतं. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारलं, दहा दिवसांनी पुन्हा फवारलं, तर पानं हिरवी होतात, पण नवी पालवी पुन्हा पिवळी येते. मुळातून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह घ्यावं, आणि पुडीवर ईडीडीएचए लिहिलंय का ते वाचावं. स्वस्तातलं ईडीटीए आपल्या चुनखडीच्या मातीत टिकत नाही. पाच ग्रॅम पाच लिटर पाण्यात, वर्षातून दोनदा, पुरे.

याच कारणाने चुलीची राख या वेलाला देऊ नये. राखेत पालाश असतं हे खरं, पण ती मातीचा सामू आणखी चढवते. कोल्हापुरातल्या बागेला जी राख मानवते ती बीडमध्ये नुकसान करते. हाडांचं खतही अशा मातीत विरघळत नाही, पैसे वाया. जूनमध्ये एक घमेलं शेणखत, फेब्रुवारीत छाटणीनंतर आणखी एक, एवढंच खत वेलाला लागतं. युरिया दिला की पानं मोठी, गर्द होतात आणि फुलं थांबतात.

आधाराचं बघू. कृष्णकमळ तणाव्याने, म्हणजे आधाराला गुंडाळणाऱ्या दोऱ्यासारख्या तंतूने, चढतं. भिंतीला चिकटत नाही आणि जाड खांबाला विळखाही घालत नाही. तणाव्याला करंगळीपेक्षा बारीक काहीतरी लागतं. म्हणून लोखंडी पाइपचा मांडव उभा करून वेल चढत नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. पाइपांमध्ये वीत-वीत अंतरावर सुतळी किंवा तार ओढावी. तार असेल तर ती दक्षिण-पश्चिमेच्या उन्हात तापून कोवळे तणावे भाजते, तिथे काथ्याची दोरी बरी. भिंतीपासून जाळी अर्धा फूट पुढे ठेवावी. वेल भिंतीला टेकला की मागे हवा खेळत नाही आणि मार्चपासून लाल कोळी जाळी विणायला लागतात.

तणाव्याचं काम मात्र बसून बघण्यासारखं. टोक कशाला तरी लागलं की काही मिनिटांत ते वळायला लागतं. डार्विनने वेलींच्या हालचाली तपासल्या तेव्हा याच कुळातल्या एका वेलाचे तणावे त्याला सर्वांत चपळ आढळले होते. पकड बसली की मधला भाग स्प्रिंगसारखा गुंडाळतो, आणि अर्धा एका दिशेने, अर्धा उलट दिशेने. दोन्ही टोकं बांधलेली असताना दोरीला पीळ न पडता गुंडाळायचं तर दुसरा मार्गच नाही. वळवाच्या झोतात वेल हिसके खातो तेव्हा ही स्प्रिंग ताणते आणि परत येते. सुतळीने घट्ट बांधलेली फांदी मोडते, तणाव्याने धरलेली टिकते. त्यामुळे पहिले दोन फूट सैल बांधून द्यावेत आणि पुढचं त्याचं त्याला करू द्यावं.

फूल नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात येतं. म्हणून छाटणी फेब्रुवारीत, थंडी ओसरताना. एक तृतीयांश वेल काढावा, त्याहून जास्त नाही. न छाटलेल्या वेलाचं तीन वर्षांत खोगीर होतं: वर हिरवी चादर, खाली वाळक्या पानांचा जाड थर, त्यात पिठ्या ढेकूण आणि झुरळं. ते साफ करायचं तर एकदम बुंध्याशी कापू नये. जुन्या लाकडातून फूट उशिरा येते किंवा येत नाही. अर्धा भाग या वर्षी, अर्धा पुढच्या. कात्री लावण्याआधी आत हात घालून बुलबुलाचं घरटं नाही ना ते बघावं. एप्रिल-मे मध्ये छाटणी नकोच, आतली कोवळी खोडं उन्हाने भाजतात. गारपीट झाली तर गोष्ट वेगळी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झाली तशी झोडपणी झाली, तर फाटकी पानं लगेच काढू नयेत, नवी फूट दिसेपर्यंत तीच वेलाला जगवतात. फक्त मोडलेल्या फांद्या काढाव्यात.

फुलाचा मुख्य हंगाम पावसाळा आणि त्यानंतरचा काळ. श्रावणात, गोकुळाष्टमीच्या आसपास फुलं भरात असतात, हा योग नावाला शोभणारा. एक फूल दिवसभराचं. सकाळी तोडून देवघरात ठेवलं तरी संध्याकाळी ते मिटतंच. उमललेल्या फुलात वरचे तीन फाटे आधी उभे असतात आणि काही वेळाने खाली झुकून पुंकेसरांच्या पातळीला येतात. त्या दोन पातळ्यांमधल्या जागेत मावेल असा कीटक हवा, आणि तो म्हणजे काळा लाकूड पोखरणारा भुंगा. मधासाठी कड्यावर गोल फिरताना त्याची पाठ परागाने भरते. मधमाशी लहान पडते. ती मध नेते, काम करत नाही.

तरीही फळ धरत नाही, आणि लोक विचारतात वेलात काय खोट आहे. खोट वेलात नाही. सेरुलिया आणि इनकार्नाटा या दोन्ही जातींना स्वतःचा पराग चालत नाही. रोपवाटिकेतली रोपं एकाच वेलाच्या फाट्यांपासून केलेली असतात, त्यामुळे गल्लीतली पाचही कृष्णकमळं म्हणजे खरं तर एकच झाड. वेगळ्या गावाहून आणलेलं रोप शेजारी लागलं तर फळं धरतात. त्यासाठी फार धडपड करू नये: निळ्या जातीच्या फळाला चव नाही, आणि कच्ची फळं व पानं पोटात जाऊ देऊ नयेत, त्यांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. शेळ्या आत येत असतील तर फाटक लावावं.

किडींत सर्वांत घबराट उडवते ती एक तांबूस-तपकिरी, अंगभर काटे असलेली अळी. नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेलं, रमतगमत उडणारं एक फुलपाखरू पानाखाली पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालतं, त्यातून या अळ्या निघतात. वेलाचं विष अंगात साठवल्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत, म्हणून तर फुलपाखराला घाई नसते. पावसाळ्यात अळ्यांनी अख्खा वेल खाल्ला तरी महिनाभरात तो पुन्हा भरतो. तेव्हा औषध मारू नये. पहिल्या वर्षाचं रोप असेल किंवा उन्हाळा तोंडावर असेल तर अंड्यांची पानं तोडून टाकावीत. पानाच्या देठावरच्या दोन बारीक गाठींतून गोड रस पाझरतो, त्यावर मुंग्या येतात. त्या राखणदार आहेत, बारीक अळ्या हुसकतात; पण त्याच मुंग्या पिठ्या ढेकणालाही सांभाळतात, तेव्हा मुंग्यांची वर्दळ अचानक वाढली तर बेचकी तपासावीत. पिठ्या दिसला तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि दोन मिली पातळ साबण, संध्याकाळी. ऊन पस्तिशीच्या वर असताना तेल फवारलं तर पानं शिजतात. जिथे आधी वांगी-टोमॅटो होते तिथे वेल लावू नये. सूत्रकृमींनी मुळांना गाठी आल्या की वरून काही दिसत नाही, वेल नुसता खुरटत जातो.

सात-आठ वर्षांत हा वेल थकतो. बुंधा पोकळ होतो, फुलं कमी होतात, आणि एखाद्या उन्हाळ्यात तो परत फुटत नाही. म्हणून दर वर्षी जुलैत दोन-तीन फाटे लावून ठेवावेत. फार कोवळं नाही, फार जून नाही, असं वीतभर खोड घ्यायचं, त्याला तीन पेरं हवीत. खालची पानं आणि तणावे काढायचे, वर एकच पान अर्धं कापून ठेवायचं, खालचं पेर वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात पुरायचं. सावलीत, वर पारदर्शक पिशवी झाकून, तीन ते चार आठवड्यांत मुळं येतात. धरण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास धरून चालावं.

तेवढे कष्ट नको असतील तर वाट पाहावी. तिसऱ्या पावसाळ्यापासून गादीपासून पाच-सहा फुटांवर, कधी फरशीच्या सांध्यातून, मुळाला फुटलेले धुमारे वर येतात. टाइल लावलेल्या अंगणात हा उपद्रव असतो, म्हणून जोत्याच्या बाजूला दीड फूट खोल पत्रा उभा पुरून ठेवतात. पण वीतभर वाढलेला धुमारा खुरप्याने, सहा इंच मुळासकट कापून काढला, पानं निम्मी केली आणि पिशवीत लावला, की आठ दिवसांत रोप तयार. शेजारच्यांना देण्यापूर्वी त्यांच्या अंगणात पश्चिमेला काय आहे तेवढं विचारून घ्यावं.